परदेशी सत्र : पदवीचा अवयव की अंगावरचा दागिना?

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत असतो, तेव्हा दाराशी हमखास कोणीतरी उभे असते. पूर्वी शिफारसपत्र लागे ते कॉन्व्हेंट शाळेतील प्रवेशासाठी, बँकेतील नोकरीसाठी, फार तर आखातातल्या एखाद्या कंपनीसाठी. अलीकडे मागणी बदलली आहे. ‘फादर, पोरीला एका सत्रासाठी बाहेर पाठवतोय. कॉलेजचाच कार्यक्रम आहे. तुमच्या चार ओळी हव्यात.’ आम्ही चार ओळी लिहितो, धर्मग्रामाचा शिक्का मारतो, मुलीच्या मस्तकावर हात ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो.

तीन वर्षांपूर्वी असेच एक पत्र आम्ही लिहिले. बाप वाडीत केळी आणि भाजी लावणारा, आई शिवणकाम करणारी; तीन भावंडांत ही थोरली आणि घरातील पहिलीच महाविद्यालयात गेलेली. आईचे सोने तारण पडले, पतपेढीचे कर्ज झाले. मुलगी पाचव्या सत्रासाठी युरोपातील एका विद्यापीठात गेली, मन लावून शिकली, पाचही विषयांत उत्तम गुण मिळवून परतली. इकडे तिच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाने तिला सांगितले, की तिथल्या विषयांची नावे आपल्या अभ्यासक्रमातील नावांशी जुळत नाहीत. सबब ते गुण धरता येणार नाहीत. पाचव्या सत्राच्या सगळ्या परीक्षा तिला नव्याने द्याव्या लागल्या. वर्ष गेले. सोने अजून सुटलेले नाही. ज्या माहितीपत्रकावर परदेशी इमारतींची रंगीत चित्रे होती, त्यावर या शक्यतेचा एक शब्दही नव्हता.

त्या महाविद्यालयाचे नाव आम्ही घेणार नाही. एका कार्यालयाला दोष देऊन आपण सुटू, तर उद्या दुसऱ्या कार्यालयात हेच घडेल. शिवाय त्या मुलीच्या अर्जाला जोडलेल्या पत्राखाली सही आमची होती. आम्हीही काही विचारले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने काही काळ परक्या देशात शिकणे ही उत्तम गोष्ट आहे. परंतु ती पदवीच्या अंगात रुजलेली असली पाहिजे. कोणते विषय, किती श्रेयांक, किती शुल्क, परतल्यावर कोणत्या रकान्यात कोणता गुण पडणार, हे सर्व जाण्यापूर्वी ठरलेले आणि लिहिलेले असले पाहिजे. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शरीर आणि अवयव यांचा दृष्टान्त दिला आहे. अवयव शरीराच्या रक्तावर जगतो आणि शरीराला उपयोगी पडतो. दागिना अंगावर चढवला जातो, मिरवला जातो आणि गरज पडली की गहाण टाकला जातो. आज आपल्याकडे परदेशी सत्र हे बहुतांशी दागिन्याच्या जातीचे आहे, आणि त्याच्यापायी खरेखुरे दागिने गहाण पडत आहेत.

कोणी म्हणेल, हे सारे नवे खूळ आहे. तसे मुळीच नाही. मध्ययुगातील विद्यापीठे ख्रिस्तसभेच्या अंगणात वाढली, आणि त्या काळी विद्यार्थ्याने देश ओलांडणे यात कोणाला नवल वाटत नसे. पॅरिसच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचे गटच ‘राष्ट्र’ या नावाने ओळखले जात : फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश. संत थॉमस अक्वायनस इटलीतल्या नेपल्सला शिकला आणि पुढे पॅरिस व कोलोन येथे गुरू अल्बर्ट यांच्या पायाशी बसला. नवारातून आलेला फ्रान्सिस झेवियर १५२५ साली पॅरिसला पोहोचला. तेथेच त्याला इग्नेशियस भेटला. परक्या नगरातील त्या सहवासातून १५३४ च्या १५ ऑगस्टला माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी शपथ घेतली, आणि १५४२ च्या मे महिन्यात झेवियर गोव्याच्या किनाऱ्याला लागला. पॅरिसचे ते शिक्षण झाले नसते, तर आपल्या किनाऱ्याचा इतिहास वेगळा झाला असता.

त्या काळी हे घडू शकले, कारण विद्येचे चलन एकच होते. भाषा लॅटिन, ग्रंथ तेच, पदवीचा अर्थ तोच. पुढे राष्ट्रे झाली, सीमा झाल्या, प्रत्येक विद्यापीठाने आपापला अभ्यासक्रम आखला आणि एकाचे नाणे दुसऱ्याकडे खोटे ठरू लागले. विसाव्या शतकात हे तुटलेले सांधण्याचे प्रयत्न झाले. पहिल्या महायुद्धाच्या राखेतून परतलेला एक तरुण प्राध्यापक, रेमंड कर्कब्राइड, याने १९२३ साली अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी फ्रान्सला नेले. पदवीचे तिसरे वर्ष त्यांनी तिकडे काढले आणि ते वर्ष पदवीत धरले गेले. ‘ज्युनियर इयर अब्रॉड’ म्हणून जी प्रथा पुढे अमेरिकेत पसरली, तिचा आरंभ हा.

युरोपने अधिक मोठे पाऊल टाकले. १९८७ साली ११ देशांनी मिळून योजना सुरू केली आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून दुसऱ्या देशात शिकायला गेले. योजनेला नाव दिले इरॅस्मसचे. रॉटरडॅमचा हा धर्मगुरू पॅरिसला शिकला, ट्युरिनला डॉक्टर झाला, केंब्रिजला शिकवू लागला आणि बाझेलला वारला. या योजनेचे मर्म तिच्या कागदपत्रांत आहे. विद्यार्थी निघण्यापूर्वी तो स्वतः, त्याचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघे एका करारावर सही करतात. तेथे कोणते विषय घेणार आणि त्यांची घरच्या पदवीत काय किंमत होणार, हे त्या करारात असते. श्रेयांकांचे समान माप १९८९ पासून वापरात आले : पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक, मग विद्यापीठ लिस्बनचे असो वा क्राकूचे. यजमान विद्यापीठ शिकवणीचे शुल्क घेत नाही; वर प्रवास-मुक्कामासाठी अनुदान मिळते.

ही योजनाही निर्दोष नाही. अनुदान पुष्कळदा खर्चाला पुरत नाही, म्हणून सुखवस्तू घरातील मुलांना ती अधिक सुकर जाते. २००९ साली लूव्हेन येथे जमलेल्या युरोपातील शिक्षणमंत्र्यांनी ठरवले, की २०२० पर्यंत पदवीधरांपैकी किमान २० टक्क्यांनी शिक्षणाचा काही काळ परदेशात घालवलेला असावा. म्हणजे पाचांतील चौघे घरीच राहिले तरी चालेल, हे त्या श्रीमंत खंडानेही मान्य केले होते. तरीही तेथे गेलेल्या मुलाला परतल्यावर ‘तुझ्या विषयाचे नाव जुळत नाही’ असे कोणी सहजासहजी सांगू शकत नाही. त्याच्या हाती सहीचा कागद असतो.

आता आपल्याकडे पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक पदवीसाठी धरण्यास अनुमती दिली. पण ‘जिथे योग्य असेल तिथे’ आणि त्या त्या संस्थेच्या गरजेनुसार, अशी पुस्तीही जोडली. २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी संस्थांशी सहकार्याचे नियम काढले आणि तीन वाटा आखल्या : ट्विनिंग, जॉइंट डिग्री आणि ड्युअल डिग्री. ट्विनिंगमध्ये परदेशी मिळवलेले श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांहून अधिक नसावेत, अशी मर्यादा आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या पदवीला १६०. हिशेब केला तर अनुक्रमे ३६ आणि ४८ श्रेयांक होतात. म्हणजे एक सत्र आरामात बसते आणि दुसऱ्याचाही बराच भाग बसू शकतो. कायद्याने जागा ठेवली आहे. मग आमच्या धर्मग्रामातील मुलीचे वर्ष का गेले?

कारण ‘योग्य असेल तिथे’ हे ठरवणारी व्यक्ती विद्यार्थिनी परतल्यानंतर जागी झाली. धोरणातील हे तीन-चार शब्द म्हणजे कुंपणातील खिंडार आहे. ज्या महाविद्यालयाला परदेशी नाव आपल्या माहितीपत्रकावर छापायचे आहे, पण आपल्या अभ्यास मंडळाला बसवून विषयामागे विषय ताडून पाहण्याचे कष्ट घ्यायचे नाहीत, ते या खिंडारातून खुशाल ये-जा करते. परदेशी विद्यापीठाशी केलेला सामंजस्य करार बहुधा सुंदर कागदावर असतो, समारंभात हस्तांदोलन होते, छायाचित्र वर्तमानपत्रात येते. त्या करारात श्रेयांकांचे कलम आहे का, हे पालकांनी विचारायचे असते, हेच पालकांना ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट. या नियमांनुसार ज्यांचे नॅकचे गुणांकन किमान ३.०१ आहे, किंवा जी विद्यापीठे राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात आहेत, अशा संस्थांना नामांकित परदेशी संस्थांशी हातमिळवणी करणे सोपे आहे. दर्जाची अट असावी, यात वाद नाही. पण परिणाम असा, की शहरातील मोठ्या महाविद्यालयाला दार उघडे आणि गावाकडच्या महाविद्यालयाला खेटे. ज्या मुलांनी मुंबई देखील धड पाहिलेली नाही, त्यांनाच परक्या समाजात राहण्याचा अनुभव सर्वाधिक उपयोगी पडेल. आणि तीच मुले रांगेच्या शेवटी उभी आहेत.

येथवर आम्ही महाविद्यालयांना बोललो. आता आपल्याच माणसांशी बोलू.

आपल्या समाजातील काही वडीलधारे म्हणतात, ‘पोरे बाहेर गेली की श्रद्धा गमावतात.’ त्यांची कळकळ आम्ही जाणतो. परंतु वसईच्याच मातीत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेला, तेथील भाषा इतकी शिकला की मिशनऱ्यांचा दुभाषा झाला, आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर त्याने प्राण दिला. परक्या भाषेने त्याची श्रद्धा पातळ केली नाही. इंग्लंडमधून फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना घरीच ठेवले असते, तर आपण काय गमावले असते? सहा महिन्यांत जी श्रद्धा वाहून जाते, तिची मुळे घरातल्या संध्याकाळच्या रोझरीतच सैल झालेली असतात. त्याचा दोष विमानाला देऊ नये.

दुसरे काही पालक याच्या उलट. त्यांना परदेशी सत्र हवे असते ते परतण्यासाठी नव्हे. ती त्यांच्या लेखी कायमच्या स्थलांतराची पहिली पायरी असते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पीआर हे शब्द आता आपल्या लग्नघरांतही ऐकू येतात. स्थलांतर हा कोणाचा अपराध नाही. पोटासाठी माणसे जात आली आहेत आणि जातील. पण ते वेगळे काम आहे, त्याला वेगळे नाव द्यावे. पदवीत सामावलेल्या परदेशी सत्राचा सारा अर्थ परतण्यात आहे. विद्यार्थी जे पाहून येतो ते आपल्या वर्गात, आपल्या घरात, आपल्या वाडीत आणून ठेवतो. राहिलेल्या सत्रांत त्याची छाननी होते. जाण्याआधीचा अभ्यास, तिकडचा अभ्यास आणि परतल्यानंतरचा अभ्यास हे तिन्ही एका सूत्रात ओवले, तरच त्याला शिक्षण म्हणायचे. बाकी पंधरवड्याच्या सहली आणि शेवटी प्रमाणपत्र, हे पर्यटन आहे. पर्यटन करावे; त्याला श्रेयांक मागू नयेत.

तिसरा आणि सर्वांत बोचरा प्रश्न आम्हांला स्वतःलाच विचारायचा आहे. आम्हां धर्मगुरूंच्या शिक्षणात परदेशी अभ्यास शतकानुशतके सामावलेला आहे. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली रोममध्ये महाविद्यालय स्थापले, ते मिशनच्या देशांतील तरुणांना तेथे शिकता यावे म्हणून. आजही धर्मप्रांत आपल्या निवडक धर्मगुरूंना रोमला पाठवतो. कोण जाणार, काय शिकणार, परतल्यावर कोणते काम करणार, हे आधी ठरते. प्रवास, निवास, शुल्क यांची तजवीज होते. कोणा धर्मगुरूच्या आईचे सोने त्यासाठी पतपेढीत गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मग जी व्यवस्था आम्ही आमच्यासाठी इतक्या नेटकेपणाने उभारली, ती प्रापंचिकांच्या मुलांसाठी का उभारली नाही? आपल्या संघांचे मठ, शाळा, विद्यापीठे जगभर पसरलेली आहेत. एका संघाची दोन महाविद्यालये दोन देशांत असतात, त्यांचे वरिष्ठ एकमेकांना नावानिशी ओळखतात. त्या दोघांनी चार विषय ताडून पाहावेत, पाच मुले इकडून तिकडे आणि पाच तिकडून इकडे पाठवावीत, एकमेकांकडून शुल्क घेऊ नये, यात अशक्य ते काय आहे?

ख्रिस्तसभेची शिकवणही याच बाजूची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात विद्यापीठांनी देशोदेशीच्या सीमा ओलांडून सहकार्य करावे आणि बुद्धिमान पण गरीब विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण सुलभ व्हावे, अशी दोन्ही आवाहने आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली कॅथोलिक विद्यापीठांसाठी जो दस्तऐवज दिला, त्यातही गरिबांना आणि अल्पसंख्याकांना प्रवेश सुकर करण्यावर भर आहे. आम्ही ही दोन्ही पत्रके सेमिनारमध्ये वाचतो, चहा पितो आणि घरी जातो.

पैसा कोठून येणार, असा प्रश्न येईलच. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील गोशेन महाविद्यालय हे मेनोनाइट पंथीयांचे, फार श्रीमंत नव्हे. १९६८ पासून तेथे पदवीच्या अभ्यासक्रमातच परदेशी सत्र गुंफलेले आहे. विद्यार्थी मुख्यतः गरीब देशांत जातात, स्थानिक कुटुंबांत राहतात. निम्मा काळ भाषा आणि समाज शिकतात, निम्मा काळ सेवा करतात. राजेशाही वसतिगृह नाही, महागडे शहर नाही. आपणही असे का करू नये? श्रीलंका, फिलिपिन्स, केनिया येथेही विद्यापीठे आहेत, तेथेही ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ‘परदेश’ म्हणजे फक्त गोऱ्यांचा देश, हे समीकरण आपल्या मनातून अजून गेलेले नाही. आणि ज्या बाजूने आपण मागतो त्या बाजूने द्यायलाही हवे. परदेशातून आलेल्या दोन विद्यार्थ्यांना आपल्या धर्मग्रामातील कोणते कुटुंब सहा महिने आपल्या ताटात जेवू घालील? आमची खात्री आहे, की अशी घरे मिळतील. पाहुण्याला माजघरात घेण्याची रीत अजून आपल्यात जिवंत आहे.

तेव्हा आमच्या मागण्या चारच आहेत. एक, श्रेयांकांचा लेखी, सहीशिक्क्याचा करार हाती पडल्याखेरीज कोणत्याही विद्यार्थ्याला पाठवू नये, आणि पाठवल्यास तो करार महाविद्यालयावर बंधनकारक असावा. दोन, घरच्या सत्राचे जे शुल्क तेच परदेशी सत्राचे असावे; दोन ठिकाणी शुल्क घेणे बंद व्हावे. तीन, आपल्या कॅथोलिक महाविद्यालयांनी अशा जागांपैकी ठरावीक वाटा घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेल्या मुलामुलींसाठी राखावा आणि त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद धर्मप्रांत व संघ यांनी मिळून करावी. चार, परतलेल्या विद्यार्थ्याने एक सत्र तरी आपल्या मागच्या मुलांना शिकवण्यात किंवा समाजाच्या कामात घालवावे, आणि त्या कामालाही श्रेयांक मिळावेत.

पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. सातबारा काढण्यापूर्वी, सोने उतरवण्यापूर्वी महाविद्यालयात जा आणि प्राचार्यांना तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलीचे कोणते विषय कोणत्या विषयांच्या जागी धरले जातील? हे कोठे लिहिलेले आहे? त्याखाली कोणाची सही आहे? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर आनंदाने पाठवा, पेढे वाटा, आम्हांलाही बोलवा. ‘बघू, होऊन जाईल’ असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे नमस्कार करून घरी या. भिडेपोटी गप्प बसू नका. आम्ही बसलो होतो. त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकीने मोजली.

त्या मुलीने राहिलेल्या परीक्षा दिल्या, पदवी घेतली. आता ती संध्याकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि परक्या गावात पहिल्या आठवड्यात आपण किती रडलो, हेही हसत सांगते. जाण्याचा पश्चात्ताप होतो का, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, ‘नाही फादर. जाण्याचा नाही होत. पण बाबांनी ऑफिसात जाऊन विचारले असते, तर बरे झाले असते. त्यांना वाटले, तुम्ही पत्र दिलेय म्हणजे सगळे ठीक असेल.’

शिफारसपत्रे आम्ही आजही लिहितो. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी महाविद्यालयाचा करार पाहायला मागतो. आपापल्या धर्मग्रामातील आमच्या बंधू धर्मगुरूंनीही तसेच करावे, अशी आमची त्यांना हात जोडून विनंती आहे.